मेल्यावर हसायचं असतं

ऑक्टोबरचा उजेड सुंदर असतो असं मी एका माणसाच्या तोंडून ऐकलं, तेव्हा मी मेलेली होते. मढच्या एका जुन्या बंगल्यात, दिवाणखान्यातल्या लाल गालिच्यावर, मान एका बाजूला कललेली, डोळे मिटलेले, पदर विस्कटलेला. खरं तर तो मला सांगतच नव्हता. मेलेल्या बाईशी कोण बोलतं? तो माझ्या अंगावरून पलीकडे उभ्या असलेल्या कॅमेरामनला सांगत होता. "बघ, पाऊस गेला की हवा कशी धुतल्यासारखी होते. हे ऊन वर्षातून एवढ्याच दिवसांत मिळतं." मी ऐकत होते. मेल्यावर कानांना भलती धार येते, हे मी तिथे शिकले.

यंदाही ते ऊन आलंय. घट उठले, आपट्याची पानं अजून देव्हाऱ्यापाशी वाळतायत, आणि आमच्या मालाडच्या गल्लीत चारनंतर समोरच्या भिंतीवर तो पिवळा पट्टा पडायला लागलाय. लोकांना ऑक्टोबर म्हटलं की घाम आठवतो, गाद्या उन्हात घालायच्या आठवतात, फराळाचं सामान आठवतं. मला साखर आठवते. सिनेमातलं रक्त साखरेचं असतं. दाट पाक करतात, त्यात लाल आणि थोडा काळपट रंग. हाताला चिकट, ओठाला लागलं तर गोड. आणि साखर आली की मागोमाग मुंग्या आल्याच. पहिल्याच दिवशी त्या गालिच्यावरून रांगेने आल्या आणि माझ्या मानेवर चढल्या. मी हलले. "परत," सर म्हणाले. सर म्हणजे आमचे दिग्दर्शक, तेच उजेडाचं सांगणारे. ते रीटेक, वन्स मोर असलं काही म्हणत नसत, नुसतं "परत" म्हणत, आवाज न चढवता. दुसऱ्या वेळी मी दात आवळून पडले. त्यांची सहायक तन्वी, पोरगी भली होती, ती म्हणाली, "सर, ताईंच्या मानेवर मुंग्या चढतायत." सरांनी मॉनिटरमध्ये निरखून बघितलं आणि म्हणाले, "राहू द्या. छान दिसतायत."

आजही मोरीत मुंगी दिसली की माझी मान खाजते आणि तोंडातून शिवी जाते. ती मुंगीला नसते.

मी नटी आहे. तुम्ही मला पाहिलेलं असणार, पण ओळखणार नाही. मालिकेतली शेजारीण, नर्स, हळदीकुंकवाला आलेली चौथी बाई, कोर्टात मागे बसलेली मावशी, ती मी. तरुणपणी गिरणगावात नाटकं केली, तिथे मात्र नायिका होते. मग गिरण्या गेल्या, नाटकं गेली, आम्ही मालाडला आलो आणि मी चौथी बाई झाले. तक्रार नाही. चौथ्या बाईला चहा मिळतो, जेवण मिळतं, संध्याकाळी घरी जाता येतं. म्हणून तन्वीचा फोन आला की "ताई, मोठा सिनेमा आहे, पूर्ण सिनेमाभर तुम्ही फ्रेममध्ये आहात, फक्त संवाद नाहीत," तेव्हा मी हो म्हटलं. फक्त संवाद नाहीत, या वाक्याचा अर्थ मला गालिच्यावर कळला.

सिनेमा तसा हुशारीचा होता, ते मान्य केलं पाहिजे. शंभर वर्षांपूर्वीचा एक सावकाराचा वाडा, कोकणातला. सावकाराला गोऱ्या साहेबाला खूश करायचंय, म्हणून तो शहरातून चित्रकार बोलावतो आणि बायकोचं मोठं तैलचित्र काढायला बसवतो. बायकोला तासन्‌तास बसवत नाही, तेव्हा तिची पैठणी नेसून, तिचे दागिने घालून मोलकरीण बसते. तोंड तेवढं मालकिणीचं काढायचं असं ठरतं. साहेब येणार त्या सकाळी मोलकरीण चित्राखाली मरून पडलेली सापडते. आणि मग सिनेमाभर घरातली माणसं तिच्याभोवती उभी राहून चर्चा करतात. तिला कोणी मारलं याची नाही. गालिच्यावरच्या डागाची. साहेब यायच्या आत डाग कसा झाकायचा, सुतक धरायचं की नाही, मोलकरणीचं सुतक असतं का मुळात, चहा इथे द्यायचा की ओसरीवर. शेवटी कळतं की मालकिणीनेच मारलं, कारण चित्र पुरं झालं तेव्हा तोंड मालकिणीचं असूनही सगळ्यांना त्यात मोलकरीणच जास्त शोभून दिसली. सरांनी प्रत्येक प्रसंग जुन्या तैलचित्रासारखा मांडला होता. कोण कुठे उभं, कोणाचा हात कुठे, फळांच्या तबकावर ऊन किती. बघणाऱ्याला वाटावं की एकेक चित्र भिंतीवरून उतरवून समोर धरतायत. श्रीमंतांचं काळीज कसं दगडाचं असतं ते दाखवायचं होतं सरांना. त्यासाठी त्यांनी बरेच श्रीमंत जमवले होते.

शॉट संपला की पंखे लागायचे. मॅडमसाठी, म्हणजे मालकीण झालेल्या बाईंसाठी, एक पंखा, सरांसाठी एक. मला उठायची मुभा नव्हती. उठले तर पदराच्या चुण्या बदलतात, रक्ताची रेघ हलते, मग पुन्हा सगळं जुळवायला अर्धा तास. म्हणून मी पडूनच. माझ्या पोटावर कोणी कागद ठेवी, कोणी फोन ठेवी. मॅडमनी एकदा चहाचा कप माझ्या दंडाला टेकवून ठेवला, गरम होता. बाहेर किनाऱ्यावर काठ्यांवर बोंबील वाळत घातलेले, त्यांचा वास आला की मॅडम नाकाला रुमाल लावत आणि म्हणत, "या लोकांना सांगा ना कोणीतरी." त्या काठ्या आणि ते बोंबील त्या बंगल्याच्या आधीपासून तिथे असणार. संवादांत मालकीण जे बोलायची आणि चहाच्या वेळी मॅडम जे बोलायच्या, त्यात मला खालून फारसा फरक कळत नव्हता. मेकअपदादा म्हणाला, "ताई, तुमची मजा आहे, झोपून काम." मी म्हटलं, "ये, तू झोप. मेलं कोंबडं आगीला भीत नाही, तू तर भाजलेलाच आहेस." तो हसला. तेवढाच एक विनोद मी त्या बंगल्यात केला.

आता हसण्याचं सांगते. आमच्या धंद्यात एक रीत आहे. पडद्यावर जो मरतो त्याने शॉट झाल्यावर उठून कॅमेऱ्यात बघून हसायचं, आणि कॅमेरा तेव्हा चालू पाहिजे. चार-पाच सेकंदांचं काम. मग सगळे टाळ्या वाजवतात, कोणीतरी पेढा देतं, आणि मेलेला माणूस जिवंत होऊन घरी जातो. मी मालिकांत दोनदा मेलेय, एकदा अपघातात आणि एकदा विषाने, दोन्ही वेळा हसले. विषाच्या वेळी तर निर्माता स्वतः म्हणाला, "हसा ताई, दात दाखवा, यम बघतोय." धंदेवाईक माणूस, पण रीत पाळली.

इथे पहिल्या दिवशी पॅकअप झालं तेव्हा मी उठून बसले आणि म्हटलं, "हसायचं राहिलं." सरांना आधी कळलंच नाही. तन्वीने समजावलं तेव्हा ते म्हणाले, "आपल्याकडे तसलं काही नसतं." तन्वी मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, उद्या नक्की. मी बघते." ती रोज बघत होती. रोज उजेड जायचा, रोज उद्या यायचा.

आणि घरी दारात माझी सासू उभी. सासू मालवणची, बोलणं अजून तिकडचंच. उंबऱ्याबाहेर मला थांबवायची. "हसलंस?" पहिल्या दिवशी मी हो म्हटलं. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि आत जाऊन मीठ-मोहऱ्या घेऊन आली. ओवाळता ओवाळता म्हणाली, "माका फसवशीत गो. मरणाक खोटा-खरा कळना नाय. ता वासार येता." मरण वासावर येतं, म्हणे. एरवी मी हसण्यावारी नेलं असतं. पण आत खाटेवर विलास होता.

विलास माझा नवरा. अंधेरीला एका गोदामात सुपरवायझर होता, त्या पावसाळ्यात जिने चढताना छातीत कळ आली आणि तपासात हृदयाच्या तीन नळ्या बंद निघाल्या. दिवाळी झाली की बायपास, असं ठरलेलं. घरात तो विषय कोणी काढत नव्हतं, त्यामुळे तो सगळीकडे होता. विलास मला बघून म्हणायचा, "आली का मयत? मेलेली बायको घरी येते आणि चपात्या लाटते, आणखी काय पाहिजे माणसाला." त्याच्या आवाजात मस्करी होती आणि पायांना सूज होती. मी त्याचे पाय मांडीवर घेऊन चेपायची. बोटं दाबली की खळगा पडायचा आणि भरून यायला वेळ लागायचा. मला फार भीती वाटायची. माझा त्या रितीवर विश्वास होता का? तेव्हाही नव्हता, आजही नाही. पण ज्याच्या घरात माणूस आजारी आहे त्याला विश्वास लागत नाही, भीती पुरते.

शेवटच्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत सासूचा फोन आला. विलासला पुन्हा कळ आली होती, शेजाऱ्यांनी रिक्षात घालून इस्पितळात नेलं होतं. "आता बरो आसा. पण तू हसान ये," एवढं बोलून तिने फोन ठेवला. मी अंगावर तो सगळा पाक घेऊन उभी राहिले आणि सरळ सरांपाशी गेले. म्हटलं, "सर, माझा नवरा इस्पितळात आहे. मला पाच सेकंद हसू द्या, कॅमेरा चालू ठेवून. मग मी रात्रीपर्यंत मरते." मी हात जोडले होते. सर ताटातला भात कालवत होते. वर न बघता म्हणाले, "बाई, तुम्ही मेलेल्या आहात. मेलेल्या माणसाला मागण्या नसतात." सगळे हसले. मॅडम हसल्या, कॅमेरामन हसला, तन्वीसुद्धा, मान खाली घालून. त्या दिवशी त्या बंगल्यात मी सोडून सगळे हसले.

तो शेवटचा शॉट होता आणि सगळ्यात लांब. सगळं घर माझ्याभोवती उभं आहे, मालकीण म्हणते, "डाग दिसायचा नाही, खुर्ची जरा पुढे घ्या," मग एकेक जण निघून जातो, दिवाणखाना रिकामा होतो, आणि कॅमेरा हळूहळू खाली येऊन माझ्या चेहऱ्यापाशी थांबतो. खिडकीतून ते ऊन, तबकातली डाळिंबं, भिंतीवर ते चित्र. दिवसभर सरांनी तालमी घेतल्या आणि चारनंतर कॅमेरा चालू केला. उजेड एकाच खेपेपुरता होता. मी पडले होते. मुंग्या कानामागून केसांत शिरत होत्या. पावलं दूर गेली. कॅमेऱ्याच्या चाकांचा बारीक आवाज जवळ आला, इतका जवळ की काचेची धग गालाला कळावी. मग मी डोळे उघडले, थेट त्या काचेत बघितलं आणि हसले. तोंड भरून हसले. म्हटलं, हसतील त्याचे दात दिसतील, दिसू देत. माझं घर वाचत असेल तर बत्तीस दिसू देत.

कोणी कट म्हणेना. नंतर म्हणालं, आणि मग जे ऐकून घेतलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. सरांचा आवाज मी पहिल्यांदा चढलेला ऐकला. उजेड गेला होता, मॅडमच्या तारखा संपल्या होत्या, बंगला दुसऱ्या दिवशी सोडायचा होता. "माझ्या सिनेमाची वाट लावलीत तुम्ही," ते म्हणाले. मी तोंड पुसत पुसत रिक्षा गाठली. रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघत होता, मी म्हटलं, "साखर आहे, भाऊ. चालव."

इस्पितळाच्या पायरीवर सासू बसली होती. "हसलंस?" "हसले, आई. कॅमेरा चालू होता. भरपूर हसले." तिने माझ्या मानेला हात लावला, बोट चिकट झालं, ते तिने पदराला पुसलं आणि तिचा जीव खाली पडला. वर विलास खाटेवर पडून होता. मला बघून म्हणाला, "अगो, तू तर माझ्यापेक्षा वाईट दिसतेस." दिवाळीच्या आधीच गेला तो. बायपासपर्यंत पोचलाच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच थकलं होतं.

घरात आम्ही दोन बायका उरलो, एका खोलीत. आणि त्या दिवसांत मला जे वाचवलं ते त्या हसण्याने वाचवलं. बायका भेटायला यायच्या, कुजबुजायच्या, मयताचं सोंग घेत होती म्हणे ही, आणि सासू ताडकन म्हणायची, "माझी सून हसान इल्ली. तिचो काय एक दोष नाय. तेचा आयुष्यच तेवढा होता." एकुलता एक मुलगा गेलेली बाई हे म्हणत होती. रात्री दिवा मालवल्यावर ती भिंतीकडे तोंड करून रडायची, मी दुसऱ्या भिंतीकडे. पण सकाळी चहा एकाच पातेल्यात व्हायचा. त्या हसण्यावर आमचं घर उभं होतं.

मग सिनेमा आला. अंधेरीला एका महोत्सवात दाखवणार होते, तन्वीने पास पाठवला. मी तिसऱ्या रांगेत बसले. शेवट आला, दिवाणखाना रिकामा झाला, कॅमेरा खाली आला. मी श्वास धरला. आणि पडद्यावर त्या मेलेल्या मोलकरणीने डोळे उघडले आणि सगळ्या प्रेक्षागृहाकडे बघून ती हसली. वर भिंतीवर मालकिणीचं चित्र, खाली ती हसतेय. काळोख. टाळ्या थांबेनात. दुसरा टेक नव्हताच, त्यामुळे ठेवावाच लागला असणार. पण सर स्टेजवर आले आणि कोणीतरी विचारलं की ते हसू कसं सुचलं, तेव्हा म्हणाले, "मला ते पहिल्यापासून दिसत होतं. कसलेली नटी नको होती मला. एका साध्या, अननुभवी बाईकडून ते हसू काढायला फार दिवस लागले. तिला शेवटपर्यंत सांगितलंच नाही." मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे म्हणतात ते हेच. बाहेर दारात सर माझ्या अगदी जवळून गेले. ओळखलं नाही. उभी असलेली मी त्यांनी कधी पाहिलीच नव्हती.

तेवढ्यावर भागलं असतं. अपमान मी चौथ्या बाईच्या पगारात धरलेलाच असतो. पण पुढच्या ऑक्टोबरात तो सिनेमा मोबाईलवर आला आणि शेजारणीने कौतुकाने सासूला लावून दिला. मी भाजी घेऊन आले तेव्हा म्हातारी दारातल्या उन्हात बसून बघत होती. शेवट तिने दोनदा बघितला. मग मोबाईल मांडीवर पालथा ठेवला.

"ह्या हसणा तुझा न्हय," ती म्हणाली. "ह्या त्या मेलेल्या बायलमाणसाचा. सिनेमातच हसलंस तू. सिनेमा संपल्यावर खंय हसलंस?"

मी म्हटलं, "आई, मीच ती. माझंच तोंड आहे ते."

"तोंड तुझा. पण तू उठलंसच नाय गो थयसून. अजून थयच पडलंस. आणि माझो झील..." लेकाचं नाव न घेता तिने मोबाईल माझ्याकडे सरकवला. भाजीची पिशवी माझ्या हातातच राहिली. तिचं म्हणणं मला खोडता आलं असतं, पण खरं सांगते, तिचं बरोबर होतं. मी शॉट मोडायला हसले होते, आणि त्यांनी ते हसू उचलून शॉटमध्येच शिवून टाकलं. आता जगात कुठेही कोणी तो सिनेमा लावला की मी मरते, हसते, आणि मेलेलीच राहते. बायका भेटायला आल्या की सासू आता ते वाक्य म्हणत नाही. चहा दोन पातेल्यांत होतो.

यंदा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिने शेजारणीकडून मोबाईलवर व्हिडिओ कसा काढतात ते शिकून घेतलं. चारनंतर समोरच्या भिंतीवर तो पट्टा पडतो, त्याचा उजेड आमच्या उंबऱ्यापर्यंत येतो. तिथे ती मला उभी करते. स्वतः आत खाटेवर बसते, विलासच्या, मोबाईल दोन्ही हातांनी धरते. "हस. मी काढतंय." मी हसते. ती बघते, डोळ्यांपाशी नेऊन, लांब धरून. मान हलवते. "ह्या तिचाच," म्हणते, आणि पुसून टाकते. मी माझं स्वतःचं हसू कसं होतं ते आठवायचा प्रयत्न करते, विलास चिडवायचा तेव्हाचं, गिरणगावातल्या नाटकातलं, कुठलंही. येतं ते तेच, दात दाखवणारं. ती तरी काय करणार, आणि मी तरी काय करणार. उजेड अजून थोडा असतो.

"परत," सासू म्हणते.

मी परत हसते.